ऐकाल तर वाचाल

आमच्या शाखेत एक ज्येष्ठ सहकारी आहेत. ते वाचनप्रेमी आहेत, आणि ही गोष्ट गावाला ठाऊक राहावी याची काळजी ते जातीने घेतात. परवा मधल्या सुटीत मी कानातले इअरफोन काढले आणि म्हणालो, "चला, कादंबरी वाचून झाली एकदाची!"

"वाचून, की ऐकून?" चेकवरची सही जुळेना की आम्ही खातेदाराकडे ज्या नजरेने पाहतो, त्याच नजरेने त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"ऐकून."

"मग वाचली म्हणू नका."

वाचकहो, माझं भांडण या वाक्याशी आहे.

आधी कबुली देतो. दोन वर्षांपूर्वीपर्यंत मीही त्यांच्याच पक्षात होतो. ऐकून पुस्तक संपवणं म्हणजे व्हाउचरशिवाय एंट्री, असं माझं ठाम मत होतं. पण एका पावसाळी संध्याकाळी मुलचेऱ्याची वीज गेली. पावसाळ्यात आमच्याकडे वीज गेली याची कोणी बातमी करत नाही, आली तर करतात. हातात पुस्तक, नाकावर चष्मा आणि घरात अंधार! मुलाला दया आली. त्याने मोबाइलवर उतरवून ठेवलेली एक कादंबरी लावून दिली. बाहेर जंगलावर पाऊस कोसळत होता आणि कुणी एक अनोळखी बाई माझ्या कानाशी बसून गोष्ट सांगत होत्या. पुढे वीज आली, तेव्हा मी उठून दिवा मालवला.

आता मुद्द्याचं. मराठी माणसाने कानाला दुय्यम लेखावं, याचं मला नवल वाटतं. ज्ञानेश्वरांनी 1290 साली नेवाशाला गीतेवर निरूपण केलं, सच्चिदानंदबाबांनी ते उतरवून घेतलं. म्हणजे आपल्या सगळ्यात थोर ग्रंथाची पहिली आवृत्ती कानांसाठीच निघाली! पुढे शतकानुशतकं एकाने पोथी वाचायची आणि आळीने ऐकायची, हाच रिवाज होता. त्या आळीला कोणी 'तुम्ही पोथी वाचली नाही' असं हिणवलं नाही. 1955 साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण सुरू झालं, तेव्हा महाराष्ट्राने रामकथा कानानेच घेतली. आमच्या झाडीपट्टीत तर दिवाळीनंतर रात्ररात्र नाटकं चालतात. संहितेचं पान न पाहिलेला माणूस दुसऱ्या दिवशी धानाच्या बांधावर अख्खा प्रवेश म्हणून दाखवतो.

यंत्राचंही तेच. एडिसनने 1877 साली फोनोग्राफ केला आणि पुढच्याच वर्षी त्याच्या उपयोगांची यादी केली, तिच्यात अंधांसाठी बोलकी पुस्तकं होती. अमेरिकेत 1934 च्या सुमारास ती खरोखर निघाली. स्टोरीटेल ही स्वीडनची कंपनी 2017 साली भारतात उतरली, ती मराठी पुस्तकं बरोबर घेऊनच. चांगलं पुस्तकांचं दुकान गाठायला ज्याला दिवस मोडावा लागतो, त्याने हे नाकारायचं कशासाठी?

दोष आहेत, ते नावे टाकतो. डोळा लागला तर पुस्तक आपल्यासाठी थांबत नाही. आवडलेल्या ओळीखाली पेन्सिल ओढता येत नाही. वाचणाऱ्याचा आवाज रडका असला, तर विनोदी लेखकही शोकसभेला आल्यासारखा वाटतो. पण म्हणून खातं बंद करायचं?

हे सगळं मी हसून सोडून दिलं असतं. पण गेल्या महिन्यात तेच सहकारी घरी चहाला आले. माझी आई चौथीत शाळेतून निघाली; आता काचबिंदूने तिची नजरही गेली आहे. दुपारभर ती पुस्तकं ऐकते. पाहुण्यांनी चौकशी केली, तशी ती ओशाळून म्हणाली, "माझं काई वाचनं नोहे जी, नुसतं ऐकनं."

तो 'नुसतं' मला लागला. तिच्या तोंडी तो आपणच घातला. आयुष्यभर पुस्तकाच्या दाराबाहेर राहिलेली बाई सत्तरीत आत आली, आणि आपण दारात उभे राहून तिच्याकडे तिकीट मागतो!

मग तिनेच त्यांना विचारलं, "त्या कादंबरीतल्या सुनेनं शेवटी घर सोडलं, ते तुमाले पटलं का जी?" पुस्तक त्यांच्या कपाटात आहे, प्लॅस्टिकचं कव्हर घालून. ते चहा ढवळत राहिले. साखर केव्हाच विरघळली होती.

त्या रात्री मी आईच्या नावाने एक वही घातली. आजवरची एकोणीस पुस्तकं तिच्यात जमा केली आहेत. रकाना एकच आखला आहे: 'वाचलेली'. ज्याला हरकत असेल, त्याने दुपारी घरी यावं आणि तिच्याशी त्या सुनेवरून वाद घालावा. मात्र पुस्तक वाचून यावं. कसंही.