फॉलआउटच्या नावाने उसासे पुरे, आता प्रश्न विचारा

काल पुन्हा एका ग्रुपवर तेच. १९९७ च्या ‘फॉलआउट’चा स्क्रीनशॉट, वर ‘काय दिवस होते ते!’ आणि खाली बदामांचा पाऊस.

खोटं कशाला बोलू, मीही बदाम टाकला. व्हॉल्ट १३ मधून बाहेर पडायचं, १५० दिवसांत वॉटर चिप शोधायची, नाहीतर अख्खी वस्ती तहानेने मरणार. आणि शेवटच्या मास्टरला एकही गोळी न झाडता, पुरावा समोर ठेवून नुसतं बोलून हरवता यायचं! बारावीचा अभ्यास बुडवून घरच्यांच्या शिव्या खाल्ल्या, त्याचा आजही पश्चात्ताप नाही.

पण मित्रांनो, उसासे टाकणारे आपण एक गोष्ट विसरतो. हा गेम ज्याने घडवला त्या टिम केनने २०२५ मध्ये जाहीरपणे सांगितलं, की इंटरप्ले कंपनी सोडताना त्याने जपून ठेवलेलं सगळं नष्ट करायला त्याला लावलं गेलं. टिपणं, कोड, सगळं. पुढे कळलं की कंपनीच्या सहसंस्थापक रेबेका हाइनमन यांनी सोर्स कोडची प्रत स्वतःहून जपली होती. म्हणजे एका बाईंच्या सवयीमुळे वाचलं. व्यवस्थेमुळे नाही! आणि आज त्याच नावावर वेबसिरीज निघते, आपल्याच आठवणी आपल्यालाच विकल्या जातात.

हे जुनंच दुखणं आहे असंही नाही. २०१४ चा ‘द क्रू’ लोकांनी पैसे मोजून घेतला. ३१ मार्च २०२४ ला युबिसॉफ्टने सर्व्हर बंद केले, आणि एकट्याने खेळायचा भागसुद्धा बंद. डिस्क कपाटात, गेम गायब. युरोपात याविरुद्ध दहा लाखांहून जास्त सह्या झाल्या. आपल्याकडे काय? मीम्स.

कंपन्या म्हणतात, सर्व्हर कायम चालवणं परवडत नाही. अहो, कायम चालवा म्हणतंय कोण? जाताना लोकांना तो आपापला चालवता येईल एवढी सोय करून जा, एवढंच मागणं आहे. घर विकल्यावर बिल्डर दहा वर्षांनी येऊन किल्ली परत मागतो का?

‘गेमच तर आहे, त्यात काय एवढं?’ म्हणणाऱ्यांना एक आठवण. १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ही लोकांना तमाशाच वाटला असेल. आज फाळक्यांच्या त्या चित्रपटाची पूर्ण प्रत कुठेच नाही. पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय झालं १९६४ मध्ये, पन्नास वर्षं उशिरा. पुस्तकांसाठी १९५४ चा कायदा आहे, छापलं की ठराविक सार्वजनिक ग्रंथालयांना प्रत द्यावीच लागते. इथे बनणाऱ्या गेमसाठी असं काही का नको? आपलीच पोरं आज पुण्या-मुंबईत गेम बनवतायत, त्यांच्या कामाचं वीस वर्षांनी काय होणार?

तेव्हा पुढच्या वेळी बदाम टाकण्याआधी दोन कामं करा. ‘विकत घ्या’ दाबण्यापूर्वी खाली बारीक अक्षरात ‘लायसन्स’ लिहिलंय का, ते वाचा. आणि निवडणुकीत डिजिटलच्या गप्पा मारत दारात येणाऱ्याला विचारा, पैसे देऊन घेतलेली वस्तू माझी की कंपनीची?

उत्तर मिळालं तर कमेंटमध्ये नक्की सांगा.