दुखतंय म्हणून सांगा आणि औषध मागा

घरात कॅन्सरचा रुग्ण आहे, रात्रभर कण्हणं चालू आहे, आणि ‘आता करण्यासारखं काही उरलं नाही, घरी न्या’ असं डॉक्टरांनी सांगून टाकलंय. अशा घरातल्या माणसांसाठी हे आवाहन आहे. आजच वाचा, कारण तुमच्या माणसाकडे थांबायला वेळ नाही. करण्यासारखं खूप उरलेलं असतं. रोग बरा होणार नसेल, पण वेदना बहुतेक वेळा आटोक्यात आणता येते आणि त्यासाठीचं मुख्य औषध स्वस्त आहे. ते म्हणजे मॉर्फिनची गोळी.

नाव ऐकताच घरातलं कुणीतरी म्हणतं, ‘नको, सवय लागेल.’ या भीतीला उत्तर एका भारतीय संशोधकानेच दिलेलं आहे. डॉ. एम. आर. राजगोपाल हे केरळातले भूलतज्ज्ञ. 1993 साली त्यांनी सहकाऱ्यांबरोबर कोझिकोडला वेदनामुक्तीचं आणि उपशामक उपचारांचं, म्हणजे पॅलिएटिव्ह केअरचं, केंद्र सुरू केलं. तिथे रुग्णांना मॉर्फिनच्या गोळ्या घरी न्यायला दिल्या जात. त्या कुणी भलत्याच कामासाठी वापरतं का, गोळ्या बाहेर फुटतात का, याचा त्यांनी अभ्यास केला. दोन वर्षं, 1723 रुग्ण. गैरवापराचं एकही प्रकरण आढळलं नाही. हा अभ्यास 2001 साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. वेदनेसाठी, डॉक्टरांच्या देखरेखीखाली, ठरल्या वेळी दिलेलं मॉर्फिन आणि नशा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आता तरी आपण मान्य करायला हवं.

भीती फक्त घरातच होती असं नाही, ती कायद्यातही होती. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात शिक्षा इतक्या कडक होत्या आणि परवाने इतके किचकट, की रुग्णालयांनी आणि दुकानदारांनी मॉर्फिन ठेवणंच सोडलं. 1997 साली अख्ख्या देशात औषध म्हणून वापरलं गेलेलं मॉर्फिन 18 किलोच्या आसपास होतं. आणि हे कुठे, तर जिथे अफूचं कायदेशीर पीक निघतं, नीमच आणि गाझीपूरला सरकारी कारखाने आहेत, त्या देशात! राजगोपाल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, आणि 2014 साली संसदेने कायदा बदलला. आता मान्यताप्राप्त रुग्णालयाला पूर्वीसारखे चार-पाच परवाने लागत नाहीत. राज्याच्या औषध नियंत्रकांची मान्यता पुरते. तरीही असंख्य रुग्णालयं तिच्यासाठी साधा अर्जसुद्धा करत नाहीत. ही गोष्ट अक्षम्य आहे असं मला वाटतं.

नातेवाइकांनो, थोडं समजून घ्या. साधी मॉर्फिनची गोळी सुमारे चार तास काम करते, म्हणून ती दुखायला लागल्यावर नाही, घड्याळ बघून द्यायची असते. मात्रा डॉक्टर हळूहळू वाढवतात. बद्धकोष्ठ जवळजवळ ठरलेलं, त्यामुळे रेचक सोबतच मागून घ्या. मळमळ, गुंगी बहुधा काही दिवसांत ओसरते. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. गोळी स्वतःच्या मनाने वाढवू नका, अचानक बंद करू नका. आणि ‘मॉर्फिन म्हणजे शेवट आला’ असं रुग्णासमोर बोलू नका. वेदना कमी झाली की माणूस जेवतो, झोपतो, लेकरांशी बोलतो. लंडनमध्ये 1967 साली सेंट ख्रिस्तोफर्स हॉस्पिस उभारणाऱ्या डॉ. सिसिली साँडर्स यांनी शरीराच्या दुखण्याबरोबर मनाची घालमेल, पैशाची काळजी, एकटेपण हे सगळं वेदनेतच धरलं होतं. म्हणून गोळी देऊन बाजूला होऊ नका, जवळ बसा.

जायचं कुठे? मुंबईत परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात उपशामक उपचारांचा स्वतंत्र विभाग आहे. वांद्र्याला 1986 पासून शांती अवेदना सदन आहे. पुण्यात वारज्याला सिप्लाचं केंद्र आहे. लांबच्या तालुक्यातल्यांना हे गाठणं अवघड आहे, म्हणूनच जिल्हा रुग्णालयात ही सोय असायला हवी.

डॉक्टरांनो, वेदनेचं प्रशिक्षण घ्या. धर्मादाय रुग्णालयांच्या विश्वस्तांनो, मॉर्फिन ठेवण्याच्या मान्यतेचा अर्ज या महिन्यात करा. आमदार, जिल्हा परिषद सदस्य, तुमच्या जिल्हा रुग्णालयात ही गोळी मिळते का, ते स्वतः जाऊन विचारा. आणि ज्यांच्या घरी आज कुणी तळमळत आहे, त्यांनी उद्या सकाळी डॉक्टरांसमोर बसून स्पष्ट विचारा: ‘यांची वेदना थांबवायला तुम्ही काय देणार? तुमच्याकडे नसेल, तर आम्हाला कुणाकडे पाठवता?’ उत्तर मिळाल्याशिवाय खुर्चीवरून उठू नका.