रूळ गेले, पट्टा कुणाचा?



जिल्हा बैठकीत कापसाचा भाव, वीजबिल आणि पीकविमा सोडून हा माणूस सायकलीची गोष्ट काय काढतो, असे काहींना वाटेल. गोष्ट सायकलीची दिसते, पण ती जमिनीची आहे. म्हणून पाच मिनिटे द्यावीत.

मागच्या महिन्यात मुंबईत साकीनाक्याला भाच्याकडे मुक्काम पडला. दीड खोलीचे घर आणि भिंतीला टांगलेली एक सायकल. हँडल शर्यतीच्या सायकलीसारखे खाली वळलेले, पण टायर जाड आणि खाचांचे. "मामा, ही ग्रॅव्हल बाईक. डांबरी सडक सोडून खडीच्या, मुरमाच्या रस्त्याने शंभर-शंभर किलोमीटर जायची." किंमत ऐकून मी गप्प बसलो. तेवढ्या पैशात आपल्याकडे बैल येतो.

मग तो मुद्द्यावर आला. परदेशात बंद पडलेल्या रेल्वेचे रूळ काढून त्या पट्ट्यावर सायकलीचे रस्ते केले आहेत. "तुमच्याकडे शकुंतला बंद आहे ना? तिचा पट्टा मोकळा झाला तर दर हिवाळ्यात आम्ही येऊ. सरकारकडे अर्ज करतो आहोत."

मी विचारले, "पट्टा ज्यांच्या शेतांतून गेला त्यांना विचारलेस का?"

"जमीन रेल्वेची आहे ना, मामा!"

पोरगा वाईट नाही. मुंबईच्या धुरात दिवस काढून मोकळ्या हवेला आसुसलेला आहे. पण त्या एका वाक्यात इंडिया आणि भारत यांच्यातले सगळे अंतर आले. जमीन सरकारदरबारी एकदा गेली की ती कुणाची होती हे विचारायचेसुद्धा नसते!

साकीनाक्याचा धडा

त्याला मी त्याच्याच उंबऱ्याजवळचे उदाहरण दिले. १९२८ साली ट्रॉम्बे ते अंधेरी अशी तेरा किलोमीटरची रेल्वे सुरू झाली होती. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे ती चालवी. साष्टी बेटाच्या मधून जाणारी म्हणून तिला सेंट्रल सालसेट ट्रामवे असेही म्हणत. १९३४ साली ती बंद पडली. सहा वर्षांचे आयुष्य. कुर्ला-अंधेरीकडचे रूळ उखडले गेले, पट्टा तुकड्यातुकड्यांनी विमानतळात, रस्त्यांत आणि इमारतींत गडप झाला. आज तिची खूण म्हणून तीन अक्षरे उरली आहेत. साकीनाक्याच्या दक्षिणेला कुर्ला-कलिना भागात सी.एस.टी. रोड आहे, तो या ट्रामवेच्या नावाचा. लोकांना वाटते बोरीबंदरच्या छत्रपती शिवाजी टर्मिनसवरून नाव पडले. त्या स्थानकाला ते नाव १९९६ साली मिळाले. ट्रामवे त्याच्या कितीतरी आधीची.

ही लाईन झाली तेव्हा त्या मुलखात भाताची खाचरे होती. खाचरवाल्याचे नाव मात्र कुठल्याच पाटीवर नाही.

पुढची गंमत पाहा. पूर्व-पश्चिम जाणारी ती रेल्वे मोडली आणि ऐंशी वर्षांनी, २०१४ साली, त्याच अंधेरीवरून घाटकोपरला जाणारी मेट्रो हजारो कोटी खर्चून खांबांवर टांगावी लागली. तीच साकीनाक्याच्या डोक्यावरून जाते. सलग पट्टा एकदा मोडला की पुन्हा जुळत नाही. मोडणारा मोकळा होतो, भरपाई पुढची पिढी करते.

शकुंतला मेली असे कोण म्हणतो?

आता आपल्याकडे या. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर ही अडीच फुटी गेजची गाडी कापूस वाहून नेण्यासाठी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विलायती कंपनीने टाकली. देश स्वतंत्र झाला, बाकीच्या रेल्वे सरकारच्या झाल्या, ही कंपनीचीच राहिली. कापूस आपला, तिकीट आपले आणि भाडे कंपनीला! १९९४ पर्यंत ती कोळशाच्या इंजिनावर चालली, मग डिझेलवर, आणि आता बंद आहे. पण लोकांनी तिला सोडलेले नाही. ब्रॉडगेज करा, गाडी पुन्हा चालू करा ही या भागाची मागणी आजही उभी आहे. ज्या घरात माणूस आजारी आहे तिथे जाऊन त्याची खाट मागायची नसते, एवढे भाच्याला सांगितले.

बार्शी लाईनची गोष्ट वेगळी. १८९७ साली सुरू झालेली ही छोटी गाडी पंढरपूर, लातूर, मिरजेपर्यंत पोचली होती. या शतकाच्या पहिल्या दशकात तिचे ब्रॉडगेज झाले आणि उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, जोडण्यासाठी मार्ग वळवला. असा मार्ग वळला की जुना भराव शेतांच्या मधोमध रिकामा राहतो. तिथे गाडी परत येणार नाही. असल्या पट्ट्यांचा प्रश्न आज सोडवला पाहिजे.

कायदा काय म्हणतो?

१८९४ च्या कायद्याने जमीन घेतली ती 'सार्वजनिक प्रयोजना'साठी. प्रयोजन संपले तर जमीन परत मिळावी, हे साध्या माणसाला समजते, कायद्याला समजत नाही. केरळमधल्या एका महामार्गाच्या जमिनीबाबत सर्वोच्च न्यायालयाने १९९७ साली सांगितले, की उरलेली जमीन दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरावी, नाहीतर लिलाव करावा. मूळ मालकाला परत देण्याचे बंधन सरकारवर नाही. २०१३ च्या नव्या कायद्यात १०१ वे कलम आले. ताबा घेतल्यापासून पाच वर्षे जमीन पडून राहिली तर ती मूळ मालकाला किंवा सरकारच्या जमीन-बँकेत जावी असे ते म्हणते. त्यातला 'किंवा' लक्षात ठेवा, निवड सरकारची. आणि शंभर वर्षे वापरून सोडलेल्या पट्ट्याला ते कलम लागूच पडत नाही. उलट रेल्वेची मोकळी जमीन व्यापारी कामासाठी देण्याकरिता २००६ पासून स्वतंत्र प्राधिकरण आहे. म्हणजे शेतकऱ्याकडून प्रयोजनासाठी घ्यायची आणि प्रयोजन सरले की बाजारभावाने विकायची. बाजार त्यांना, सक्ती आपल्याला!

भाचा ज्या अमेरिकेचे गोडवे गातो तिथले ऐका. मिसूरी राज्यात केटी ट्रेल नावाचा जुन्या रेल्वेवरचा रस्ता आहे, सुमारे ३८५ किलोमीटरचा, चुनखडीच्या बारीक खडीचा. सुंदर असेल. १९८३ साली तिथे कायदा झाला, की पुढे रेल्वे लागली तर पट्टा सलग असावा म्हणून तोवर तो पायी व सायकलने जाणाऱ्यांना द्यावा. विचार शहाणपणाचा आहे. पण लगतचे जमीनमालक कोर्टात गेले. १९९० साली व्हरमाँटच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा योग्य ठरवला, मात्र मालकांना नुकसानभरपाई मागता येईल असेही सांगितले. २०१४ साली वायोमिंगच्या खटल्यात तर एका जमीनमालकाच्या बाजूने निकाल लागला: रेल्वेकडे होती ती फक्त वहिवाट, रेल्वेने मार्ग सोडला, वहिवाट संपली. आपल्याकडे जमीन पूर्ण मालकीने घेतली गेली, म्हणून तो निकाल इथे चालणार नाही. पण न्याय काय असतो ते त्यातून दिसते.

आपण काय मागायचे?

पट्टा तोडून ज्याचा त्याला वाटून द्या, असे मीही एके काळी म्हटले असते. साकीनाका पाहिल्यावर म्हणत नाही. बांधाला बांध लावून प्रत्येकाने आपले दोन गुंठे नांगरले तर दहा वर्षांत मागमूस राहणार नाही. काळ्या रानात पावसाळ्यात बैलगाडी आसापर्यंत रुतते. वेचलेला कापूस डोक्यावरून सडकेला आणावा लागतो. पाणंद रस्त्यांसाठी आपण तहसीलच्या पायऱ्या झिजवतो. आणि इथे खडी अंथरलेला, मोऱ्या बांधलेला, चिखलाच्या वर उचललेला भराव फुकट पडून आहे! भाच्याला जे हवे तेच आपल्याला हवे: कोरडी, टणक वाट. त्याला वर्षातून चार दिवस, आपल्याला रोज.

म्हणून माझे म्हणणे एका ओळीत: मालकी शेतकऱ्याची, वहिवाट सर्वांची.

जिथे गाडीची मागणी जिवंत आहे तिथे सरकारने आधी मुदत ठरवून हो किंवा नाही सांगावे. नाही म्हटले, की जुन्या नोंदी काढून कुणाच्या गटातून किती जमीन गेली त्याची यादी गावात लावावी. मालकी वारसांच्या नावे परत करावी आणि सातबाऱ्यावर सलग वाटेचा बोजा कायम ठेवावा, म्हणजे उद्या रेल्वे परत आली तरी पट्टा शाबूत असेल आणि मोबदला ज्याचा त्याला मिळेल. वाटेवर पहिला हक्क बैलगाडी-ट्रॅक्टरचा. सायकलवाल्याला मज्जाव नाही. कुंपण, फाटक आणि तिकीटघर मात्र चालणार नाही.

मुंबईच्या पोरांनी जरूर यावे. पिठलं-भाकरी मिळेल, रात्री अंगणात खाट मिळेल. फुकट नाही, रोख पैशात. आम्ही भीक घेत नाही, तशी देतही नाही.

निघताना भाच्याने अर्जाचा कागद पुढे केला. "मामा, वर काय लिहू?" मी म्हटले, "सरकारच्या आधी ग्रामसभांची नावे लिही." त्याने लिहिली. आता आपली पाळी आहे. तुमच्या तालुक्यातून असा सोडलेला पट्टा जात असेल तर पुढच्या बैठकीला येताना गावनकाशा आणि जुना फेरफार घेऊन या. नुसता ठराव करून भागायचे नाही, कागद हातात पाहिजे.