आगगाडीला तिकडे काय म्हणतात?

परवा मेसमध्ये नेहमीचाच वाद रंगला होता. विषय : मराठीतून इंजिनिअरिंग शिकता येईल का? आमच्या टेबलावरच्या एकीने निकालच देऊन टाकला, "अगं, ती भाषाच तशी नाहीये. कविताबिविता ठीक आहे, पण मशीन डिझाईन कसलं करतेस मराठीत!" सगळ्या हसल्या. दोन वर्षांपूर्वी मीही हसले असते. मी पक्की कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी म्हणजे नुसती कटकट वाटायची, आणि आजही जोडाक्षर दिसलं की माझी गाडी सेकंड गिअरवर येते. (हा लेख रूममेटने तपासलाय. उरलेल्या चुका तिच्या!)

पण या वेळी मला हसू आलं नाही. त्याला कारणीभूत आहेत मंगोलियन आणि थाई या दोन भाषा. दचकलात ना? सांगते.

आमचा मिनी प्रोजेक्ट होता मजकुरातून शब्द शोधून देणारा प्रोग्रॅम. इंग्रजीवर मस्त चालला. आम्ही खूश! सर म्हणाले, "आता जरा वेगळ्या भाषांवर चालवून बघा," आणि थाई व मंगोलियनचे उतारे हातात दिले. प्रोग्रॅम दोन्हीकडे आपटला, आणि गंमत म्हणजे अगदी उलट कारणांनी.

थाई लिहिताना शब्दांच्या मध्ये जागाच सोडत नाहीत. सगळं सलग. आमच्या प्रोग्रॅमला अख्खं वाक्य हा एकच शब्द वाटला! 'ताकलोम' असं सलग लिहिलेलं 'ता-क्लोम' वाचलं तर गोल डोळे, आणि 'ताक-लोम' वाचलं तर वारा खात बसणं. कुठे तोडायचं ते वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचं. शब्द स्वतः मात्र कधीच बदलत नाही. विभक्ती नाही, अनेकवचनाचं रूप नाही, क्रियापदाला काळाचे प्रत्यय नाहीत. सगळा भार शब्दांच्या क्रमावर आणि सुरांवर. सूर पाच. 'मा' सरळ सुरात म्हटलं तर 'येणे', उंच सुरात 'घोडा' आणि खालून वर चढवत म्हटलं तर 'कुत्रा'. म्हणजे सर्दी झालेल्या माणसाने तिकडे जपूनच बोलायचं!

मंगोलियनमध्ये असे सूर नाहीत, शब्दही सुटे लिहितात. पण प्रत्येक शब्दाला शेपट्या. 'गेर' म्हणजे घर. 'गेरीन' घराचं, 'गेर्त' घरात, 'गेरेस' घरातून. त्यातही प्रत्ययाचा स्वर मूळ शब्दाच्या स्वराशी जुळवून घेतो. घरातून 'गेरेस', पण उलानबातरहून मात्र 'उलानबातरास'. क्रियापद शेवटी येतं. 'मी पुस्तक वाचते' हा आपला क्रम जसाच्या तसा तिकडे चालतो, तर थाई माणूस इंग्रजीसारखं 'मी वाचते पुस्तक' म्हणतो.

इथे माझी ट्यूब पेटली. हाच प्रोग्रॅम मराठीवर चालवला, तर 'पाणी' शोधताना त्याला 'पाण्यात' सापडलंच नाही. म्हणजे दोष भाषेत नव्हता. आम्ही इंग्रजी डोळ्यासमोर ठेवून प्रोग्रॅम लिहिला होता आणि न चाललेल्या भाषांना 'अवघड' म्हणून मोकळे झालो होतो.

आता मेसमधल्या वादाकडे येते. या दोन भाषांची घडण बरोबर उलटी. 'ती भाषाच तशी नाही' हे खरं असतं, तर निदान एक तरी भाषा विज्ञानाला नालायक ठरायला हवी होती. पण थायलंडचं चुलालाँगकॉर्न विद्यापीठ १९१७ चं, मंगोलियाचं राष्ट्रीय विद्यापीठ १९४२ चं, आणि दोन्ही देशांत कॉलेजचं शिक्षण मुख्यतः स्वतःच्याच भाषेत चालतं. थाईत इंजिनिअरिंगला काय म्हणतात माहितेय? 'वित्सवाकम्मसात', म्हणजे आपलं विश्वकर्मशास्त्र! टेलिफोन 'थोरसप', म्हणजे दूरशब्द. टीव्ही 'थोरथत', म्हणजे चक्क दूरदर्शन. संस्कृत शब्द घेतले आणि आपल्या जिभेला बसतील असे करून टाकले. मंगोलियनने घरचेच शब्द कामाला लावले. फोन म्हणजे 'उतास', मूळ अर्थ दोरा. विमान म्हणजे उडती होडी. आणि 'इंजिनिअर' मात्र रशियनमधून सरळ उचलला. कमीपणा कोणालाच वाटला नाही.

आणि आगगाडी? मंगोलियन 'गाल्त तेरेग', आग असलेली गाडी. थाई 'रोत फाय'. यातला 'रोत' म्हणजे आपला रथ आणि 'फाय' म्हणजे आग. त्यांच्याकडे गाडी आधी, आग मागून, एवढाच फरक. एकमेकींशी नातं नसलेल्या तीन भाषांना एकच इंजिन बघून एकच गोष्ट सुचली. माझी आजी अजून 'आगगाडी' म्हणते. मी तिला हसायचे.

आता थोडं मनातलं. फर्स्ट इयरला मेकॅनिक्सच्या ओरलच्या आदल्या रात्री माझ्या डोक्यात फ्रिक्शन शिरत नव्हतं. रूममेट बीड जिल्ह्यातली, दहावीपर्यंत मराठी मीडियम. तिने ड्रॉइंग बोर्डवर साबणाची वडी ठेवली आणि बोर्ड हळूहळू तिरपा केला. "बघ, आता घसरणार... घसरली! हाच तो कोन. वडीवर वजन टाकलंस तरी कोन तोच राहणार." दुसऱ्या दिवशी मी हेच इंग्रजीत फाडफाड बोलले आणि भरपूर मार्क घेतले. माझ्यानंतर ती गेली. प्रश्न तोच. तिने विचारलं, "मराठीत सांगू का, सर?" उत्तर आलं, "नो." ती गप्प उभी राहिली. जेमतेम पास झाली. त्या दिवशी मला मिळालेले मार्क खरे कोणाचे होते?

कोणी म्हणेल, थायलंड आणि मंगोलिया हे देश आहेत, आपलं तसं नाही. कबूल. उद्या बंगलोरला नाहीतर जर्मनीला जायचं तर इंग्रजी हवीच, आणि ती टाकून द्या असं मी म्हणतच नाही. पण भाषा हातातून सुटली की परत आणायला किती वेळ लागतो, तेही मंगोलियाकडूनच शिकावं. १९४० च्या दशकात त्यांनी आपली उभी लिपी बाजूला ठेवून रशियन वळणाची लिपी घेतली. सरकारी कागदांवर जुनी लिपी नव्या लिपीच्या जोडीने परत आणायचा कायदा लागू व्हायला २०२५ साल उजाडलं. मधल्या पिढ्यांना आजोबांचं पत्र वाचता येईना. मला आजीचं येत नाही, आणि माझी तर लिपीही कोणी बदलली नव्हती.

मराठीतून अख्खी डिग्री वगैरे मोठ्या गोष्टी मोठ्यांनी ठरवाव्यात. २०२१ मध्ये एआयसीटीईने तशी परवानगी दिलेलीच आहे. माझं मागणं साबणाच्या वडीएवढं आहे. सर, मॅडम, पुढच्या ओरलला कोणी घाबरत घाबरत विचारलं, "मराठीत सांगू का?" तर फक्त एवढंच म्हणा, "सांग."