नवा लॅपटॉप घेण्याआधी दोन आकडे बघा

‘लॅपटॉप गेला यार, आता नवाच घ्यावा लागणार.’ सबमिशनच्या आठवड्यात हे वाक्य तुमच्या कानावर पडलं नसेल, तर तुम्ही बहुतेक कॉलेजला जात नाही. मागच्या मे महिन्यात मीही हेच म्हटलं. नुसतं म्हणून थांबले नाही, घरी फोन करून पप्पांना आकडाही सांगितला, ४५ हजार. पलीकडे जरा वेळ शांतता. मग ते म्हणाले, ‘बघू. भाव नाही म्हणून सोयाबीन ठेवलंय घरात, ते काढू विकायला.’

लॅपटॉप मावसभावाने वापरलेला, आठव्या पिढीचा आय-फाइव्ह. त्यावर मला शेवटच्या सेमिस्टरची सहा मिनिटांची डॉक्युमेंटरी एडिट करायची होती. प्रत्यक्षात फाइलला नाव द्यायला गेले तरी अक्षरं एकेक करून उमटत होती. विंडोज नव्याने टाकून बघितलं, फरक शून्य. दुरुस्तीच्या दुकानात नेला. दोन मिनिटं चालू करून बघितल्यावर निकाल लागला, ‘ताई, मशीन जुनं झालंय. यात पैसे घालू नका.’ मला लगेच पटलं. सहा वर्षं वापरलेली वस्तू हळू चालणारच की!

बीसीएसला असलेल्या माझ्या रूममेटने मात्र एकच प्रश्न विचारला, ‘टास्क मॅनेजरमध्ये स्पीड किती दाखवतंय?’ मी ते कधी बघितलंच नव्हतं. प्रोसेसरचा वापर १०० टक्के आणि वेग ०.३९ गिगाहर्ट्झ. गरज पडली की ३.४ पर्यंत जाऊ शकणारा हा प्रोसेसर! तिने चार्जरची पिन काढली. लॅपटॉप बॅटरीवर आला आणि वेग अडीचच्या वर गेला. पिन लावली, पुन्हा ०.३९. मूळ चार्जर हरवल्यावर मी ६०० रुपयांत कुठला तरी दुसरा घेतला होता, तो या लॅपटॉपला ओळखताच येत नव्हता. म्हणजे चूक माझीच. बिघाड चार्जरमध्ये आणि आम्ही सगळे लॅपटॉपचं वय मोजत बसलेलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. ‘स्लो झालाय’ हे ‘ताप आलाय’ म्हणण्यासारखं आहे. ताप कशाने आला हे न बघता कुणी पेशंट बदलत नाही. लॅपटॉपच्या बाबतीत आपण नेमकं तेच करतो, आणि पैसे बहुतेक वेळा घरच्यांचे असतात.

आपल्याला वाटतं, प्रोसेसरचा वेग एकदा ठरला की ठरला. खरं तर तो एका सेकंदातही कितीतरी वेळा बदलतो. तुम्ही नुसती पीडीएफ वाचत असाल तर तो आपोआप खाली येतो, व्हिडिओ एक्स्पोर्टला लावला की वर चढतो. यालाच फ्रिक्वेन्सी स्केलिंग म्हणतात. २००० साली इंटेलने लॅपटॉपच्या पेंटियम थ्रीमध्ये ‘स्पीडस्टेप’ आणलं, तेव्हा पायऱ्या दोनच होत्या, चार्जरवर जास्त वेग आणि बॅटरीवर कमी. आता पायऱ्या भरपूर आहेत. यामागचा हिशेब असा की, काम करताना प्रोसेसरला लागणारी वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही १० टक्क्यांनी उतरवले, तर ही वीज साधारण २७ टक्क्यांनी वाचते. उष्णताही त्याच मानाने कमी होते. तेव्हा वेग कमी होणं ही सोयच आहे. भानगड होते ती काम समोर पडलेलं असूनही वेग वर येत नाही तेव्हा.

विद्यापीठात जाता-येता पाणचक्की लागते ना, तिथं डोंगरातून नहरीने आणलेल्या पाण्याच्या जोरावर जातं फिरायचं. जातं मंद झालं तर आधी काय बघायचं, पाणी कुठं अडलंय ते, की जात्याला नवा दगड कुठं मिळेल ते?

आपल्याकडे पाणी अडलंय का, हे बघायला दोन मिनिटं पुरतात. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा. टास्क मॅनेजर उघडेल, त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’वर जा. एखादं जड काम चालू ठेवा आणि दोन आकडे सोबत बघा, ‘युटिलायझेशन’ आणि ‘स्पीड’. जवळच ‘बेस स्पीड’ लिहिलेला असतो. युटिलायझेशन १०० च्या आसपास आणि स्पीड मात्र बेसच्याही बराच खाली अडकलेला दिसला, तर प्रोसेसरला कुणीतरी धरून ठेवलंय. युटिलायझेशनच कमी असेल तर कमी स्पीड बघून घाबरू नका, तो आराम करतोय.

आता धरलंय कुणी, ते शोधायचं. पहिला संशय सेटिंगवर. बॅटरी वाचवायला आपणच कधीतरी पॉवर मोड बदललेला असतो आणि विसरून जातो. कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर प्लॅनच्या अ‍ॅडव्हान्स्ड सेटिंगमध्ये ‘मॅक्झिमम प्रोसेसर स्टेट’ दिसत असेल, तर तो आकडा १०० आहे ना, तेही बघा. लिनक्सवाल्यांनी गव्हर्नर कोणता लावलाय आणि वेगाची वरची मर्यादा कुणी कमी करून ठेवलीय का, हे तपासायचं.

दुसरा संशय उष्णतेवर. आपल्या छत्रपती संभाजीनगरात मे महिन्यात पारा ४० च्या वर असतो. त्यात तुमची रूम वरच्या मजल्यावर, स्लॅब तापलेला आणि लॅपटॉप गादीवर. बऱ्याच लॅपटॉप प्रोसेसरची मर्यादा १०० अंशांच्या आसपास असते. तिथं पोचला की जळू नये म्हणून तो स्वतःच वेग कमी करतो. सुरुवातीची दहा मिनिटं झकास आणि मग रखडायला लागला, किंवा सकाळी बरा आणि दुपारी मरगळलेला, अशी लक्षणं असतील तर आधी गादीवरून उचला आणि टेबलावर ठेवा. तरी फरक पडला नाही तर फॅनमधली धूळ काढून घ्या, थर्मल पेस्ट बदलून घ्या.

तिसरा संशय चार्जरवर. काही लॅपटॉप चार्जर किती वॉटचा आहे हे त्याच्याकडूनच समजून घेतात. उत्तर मिळालं नाही, तर जास्त वीज ओढायला नको म्हणून प्रोसेसरला अगदी खालच्या पायरीवर बसवतात. चार्जर काढून एकदा आणि लावून एकदा वेग बघा, खुलासा होईल.

आणि वेग व्यवस्थित असूनही लॅपटॉप रखडत असेल तर? मग त्याच टास्क मॅनेजरमध्ये ‘मेमरी’ आणि ‘डिस्क’ बघा. ४ जीबी रॅम भरून वाहतेय किंवा जुनी हार्ड डिस्क १०० टक्क्यांवर अडकलीय, असं दिसलं तर रॅम वाढवून किंवा एसएसडी टाकून भागू शकतं. एवढं करूनही काही मशीन खरंच संपलेली निघतात. तेव्हा नवा घ्या, पण कारण कळल्यावर घ्या.

एक धोक्याची सूचना. वेगावरचा हा लगाम तोडून देणारी सॉफ्टवेअर मिळतात आणि एखादा सीनियर ती हौसेने टाकूनही देतो. लगाम कुणी आणि का लावलाय हे न कळता तो तोडणं म्हणजे फ्यूज उडतो म्हणून तिथं जाड तार बसवणं. आधी कारण शोधा.

यात दुकानदारावर राग काढण्यात मला अर्थ वाटत नाही. नीट तपासायला तास जातो आणि त्या तासाचे पैसे द्यायला आपण तयार नसतो. माझा खरा राग गप्प बसणाऱ्या मशीनवर आहे. माझ्या लॅपटॉपला माहीत होतं की चार्जर ओळखता येत नाहीये. वेग त्यानेच कमी केला होता. मग ‘चार्जर बदला’ एवढी एक ओळ स्क्रीनवर ठळक दाखवायला काय जात होतं?

ही तक्रार माझ्या एकटीची नाही. जुनी बॅटरी असलेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरमधून कमी करतो, हे अ‍ॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नयेत हे त्यामागचं कारण तांत्रिकदृष्ट्या पटण्यासारखं होतं. पण लोक चिडले ते आधी सांगितलं नाही म्हणून. नवी बॅटरी टाकून सुटणाऱ्या प्रश्नासाठी त्यांनी नवा फोन घेतला असता! कंपनीला माफी मागावी लागली, अमेरिकेत बॅटरी बदलण्याचा दर ७९ डॉलरवरून २९ वर आणावा लागला आणि पुढे २०२० मध्ये ५० कोटी डॉलरपर्यंतची तडजोड मान्य करावी लागली. आपल्याकडेही केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने डिसेंबर २०२२ मध्ये ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. दुरुस्तीचा हक्क हवाच. पण बिघाड काय आहे हे कळण्याचा हक्क त्याच्याही आधी यायला हवा. वेग मुद्दाम कमी केला असेल, तर ते आणि त्याचं कारण कंपनीने स्क्रीनवर सांगायलाच हवं.

ते होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात एक शब्द आहे, ‘कशावरून?’ कुणी म्हणालं बोर्ड गेलाय, विचारा कशावरून. कुणी म्हणालं जुना झालाय, विचारा कशावरून. आणि घरी फोन लावण्याआधी हाच प्रश्न स्वतःलाही विचारा.

मी शेवटी मूळ कंपनीचा चार्जर घेतला, १,८०० रुपयांना. डॉक्युमेंटरी त्याच लॅपटॉपवर पूर्ण झाली. पप्पांना फोन करून सांगितलं, तर ते म्हणाले, ‘बरं झालं, अजून थोडं थांबून बघू.’ सोयाबीनचा भाव त्यानंतरही काही फार वाढला नाही. पण ते माझ्या लॅपटॉपसाठी विकावं लागलं नाही.