जमिनीतील कार्बनचा अर्धा हिशेब

शेतजमिनीत कार्बन साठवा आणि त्याचे पैसे मिळवा, असा प्रस्ताव शेतकऱ्यापुढे मांडला जात आहे. केंद्रीय कृषिमंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शेतीतील ऐच्छिक कार्बन बाजाराचा आराखडा जाहीर केल्यापासून या व्यवहाराला सरकारी मान्यतेचे वलयही लाभले आहे. विकावयाचा माल मात्र तागडीत घालून मोजता येणारा नाही. अंदाजावरच त्याचे मोल ठरावयाचे आहे. तेव्हा तो अंदाज कसा बांधला जातो, याची चौकशी सह्या होण्यापूर्वीच व्हावयास हवी.

गणित शालेय अंकगणितापलीकडचे नाही. एका हेक्टरातील वरच्या तीस सेंटिमीटर थराची माती, घनता १.३ धरल्यास, सुमारे ३,९०० टन भरते. तीत सेंद्रिय कार्बन अर्धा टक्का असेल, तर साठा साडेएकोणीस टनांचा. शेणखत, हिरवळीचे खत, पालापाचोळ्याचे आच्छादन यांमुळे वर्षाला पाव टन भर पडली, आणि ती समाधानकारकच म्हणावी लागेल, तर तीन वर्षांत पाऊण टन. टक्केवारीत हा फरक अवघा ०.०२! बांधालगतच्या आणि शेताच्या मधल्या मातीत याहून कितीतरी अधिक तफावत असते. दख्खनची काळी जमीन तर पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. त्यामुळे तीस सेंटिमीटर खोलीत मावणारी माती दोन्ही वेळी सारखी नसते. चुनखडीतला कार्बन वेगळा काढावा लागतो, तो निराळाच. मृदा आरोग्य पत्रिकेसाठी बागायतीत अडीच हेक्टरांमागे व जिरायतीत दहा हेक्टरांमागे एक नमुना घेण्याची पद्धत ठरली. खताची मात्रा सुचविण्यास ती ठीक. पाऊण टनाचा सौदा तिच्यावर उभा राहणार नाही.

म्हणून गणिती प्रारूपांचा आधार घेतला जातो. इंग्लंडमधील रॉथॅमस्टेड येथे १८४३ पासून चालू असलेल्या गव्हाच्या प्रयोगासारख्या दीर्घ प्रयोगांनी त्यांना पाया दिला. परंतु तो थंड, ओलसर हवेतला. मराठवाड्याच्या कोरडवाहू रानाला ही प्रारूपे लावताना स्थानिक प्रयोगांशी पडताळा घेतलाच पाहिजे. शिवाय दरवर्षी शेणखत घातल्यावर कार्बन प्रथम झपाट्याने वाढतो व पुढे वाढ मंदावते, असेच तेथे आढळले. तेथीलच बार्लीच्या प्रयोगात १८७१ नंतर शेणखत थांबविलेल्या वाफ्यात तो घटत गेला.

खरी उणीव आहे ती नत्राच्या रकान्यात. मातीच्या सेंद्रिय द्रव्यात दहा-बारा भाग कार्बनमागे एक भाग नत्र असते. एक टन कार्बन टिकवावयाचा, तर ऐंशी ते शंभर किलो नत्र त्यात अडकते. ते कडधान्यातून, शेणखतातून वा युरियातून यावयाचे. आणि नत्र आले की त्याचा काही अंश नायट्रस ऑक्साइड होऊन हवेत जातो. शंभर वर्षांच्या हिशेबात हा वायू कार्बन डायऑक्साइडच्या २७३ पट तापमानवर्धक आहे. हवामान बदलविषयक आंतरसरकारी समितीच्या ढोबळ प्रमाणानुसार घातलेल्या नत्रापैकी एक टक्का नत्र या रूपाने निसटते. म्हणजे वर्षाला १०० किलो जादा नत्र पडले, तर सुमारे ४३० किलो कार्बन डायऑक्साइडइतका बोजा वाढला. पाव टन कार्बनची कमाई त्याच मापाने सुमारे ९२० किलो. तिचा जवळजवळ निम्मा भाग येथेच खर्ची पडतो. त्यातून तो एक टक्काही पक्का नाही. २०१९ च्या सुधारणेत रासायनिक खतासाठी ओल्या हवामानात १.६ आणि कोरड्या हवामानात ०.५ टक्के असे प्रमाण दिले गेले. पहिल्या पावसानंतर हा वायू एकदम उसळतो, हे ध्यानी घेतल्यास वर्षातून एकदा येणाऱ्या तपासनिसाला त्याचा ठाव लागणे कठीण.

वस्तुतः वाया जाणारे नत्र कमी करण्यास मोबदला देणे अधिक शहाणपणाचे ठरेल. टळलेला नायट्रस ऑक्साइड पुन्हा हवेत जात नाही. साठविलेला कार्बन मात्र एका नांगरटीनेही कमी होऊ शकतो. युरियाच्या गोण्यांची संख्या पावतीवरून तपासता येते, आणि त्यात सरकारच्या अनुदानाचीही बचत आहे. तरीही कार्बनचेच करार करावयाचे असतील, तर मोजणी एकेका शेताची न करता गावाची करावी व नत्राचा रकाना सक्तीचा ठेवावा. दुष्काळात साठा घटला म्हणून दिलेले पैसे परत मागण्याचे कलम करारात असता कामा नये. तो धोका खरेदीदाराने उचलावा.