शहरी कंपोस्ट घेताय? आधी रिपोर्ट मागा

शिशामुळं मेंदूत गाठ होते का, हे अजून पक्कं ठरलेलं नाही. पण लहान लेकरांच्या मेंदूला शिसं बाधतं, हे ठरलेलं आहे. मग गाठीची वाट कशाला बघायची?

शहरी कचऱ्याचं कंपोस्ट स्वस्त पडतं म्हणून आपण ट्रॉल्या ओततो. त्या कचऱ्यात जुन्या बॅटऱ्या, रंगाचे डबेही आलेले असतात. फवारलेली बहुतेक औषधं काळानं विरतात. जड धातू मातीत तसेच राहतात. खत नियंत्रण आदेशात अशा कंपोस्टला किलोमागं शिसं १०० आणि कॅडमियम ५ मिलीग्रॅम एवढीच मर्यादा आहे. पालेभाजीवाल्यांनी तर रिपोर्ट बघितल्याशिवाय गाडी खाली करू देऊ नये. नत्र-स्फुरद-पालाश विचारता, तसं शिसंही विचारा. ती भाजी आपलीच लेकरं खातात.